आमदारकीचा अर्ज आणि आमचे खाडे

आमदारकीला उभं राहायला दहा हजार रुपये डिपॉझिट भरावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच हजार. त्यापुढं काय काय लागतं ते स्वतः उभं राहिल्याशिवाय कळत नाही. निवडून येणाऱ्यांची ही कामं दुसरी माणसं करतात, त्यामुळं ती कुणी लिहूनही ठेवत नाही. मी इचलकरंजीत कांडी मशीनवर काम करते. २०१४ ला विधानसभेला अपक्ष उभी राहिले, २०१९ ला राहिले, २०२४ लाही राहिले. दर वेळी डिपॉझिट गेलं. उद्या मागावरची, विडी वळणारी, ऊसतोडीला जाणारी कुणी बाई किंवा गडी अर्ज भरायला निघाला तर त्याला आधीपासून माहीत असावं, म्हणून हे सगळं सविस्तर सांगतेय.

आमच्यात रजा हा प्रकार नसतो. कामावर गेलं नाही की खाडा. त्या दिवसाचे पैसे तर बुडतातच, आणि खाडे वाढले की मालक तुमच्या मशीनवर दुसरी बाई बसवतो. निवडणुकीला पैसा लागतो असं म्हणतात ते खरंच आहे, पण गरीब उमेदवाराच्या गळ्याशी येतात ते खाडे. माझेच नव्हेत, माझ्या अर्जावर सही करणाऱ्यांचे, बूथवर बसणाऱ्यांचे आणि मोजणीला येणाऱ्यांचेही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोनावरचं सूत कांडीवर भरायचं, ती कांडी धोट्यात बसते आणि धोटा मागावर इकडून तिकडं पळतो. मागवाल्याला पिकावर (पीक म्हणजे कापडातला एक आडवा धागा), मीटरवर मजुरी मिळते, आम्हा कांडीवाल्यांना आठवड्याला हातात पडेल ते. २०१३ च्या सुरुवातीला यंत्रमाग कामगारांचा मोठा संप झाला. त्यातून करार झाला की महागाई भत्त्याच्या हिशेबानं दर वर्षी मजुरी वाढवायची. कागदावर आकडा येतो, तो पगारात दिसावा म्हणून दर वर्षी मोर्चा काढून प्रांत कचेरीवर जावं लागतं. २०१४ च्या निवडणुकीआधी आमच्या भागात ज्या सभा झाल्या, त्या मी सगळ्या ऐकल्या. विजेची सवलत, सूताचे दर, कापडाला भाव, सगळं बोललं गेलं. ते प्रश्न खोटे नाहीत. माग बंद पडला तर आमचीही चूल बंद पडते. पण मजुरीवर, किमान वेतनावर, रात्रपाळीत मशीनच्या पट्ट्यात हात गेलेल्या माणसाला कुणी विचारत नाही यावर एक शब्द कुणी बोललं नाही. पाण्याच्या नळावर आम्ही बायका बोलत होतो तेव्हा आमच्यातली सगळ्यात म्हातारी आक्का म्हणाली, "आपल्यातलं एक नाव त्या मताच्या मशीनवर पायजे. मतं किती पडतील ते ऱ्हाऊ दे." संघटनेच्या बैठकीत ते बोलणं गेलं, आणि नाव माझं आलं.

कामगारानं आमदार व्हावं ही काही नवी गोष्ट नाही. याच गावानं लाल झेंड्याचे के. एल. मलाबादे विधानसभेत पाठवलेत, चौकाला त्यांचं नाव आहे. सोलापुरात नरसय्या आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ ला निवडून आले. २००९ पासून ते दर निवडणुकीत हरले, आणि त्याच हरलेल्या वर्षांत विडी-यंत्रमाग कामगारांसाठी तीस हजार घरांच्या रे नगरचं काम त्यांनी तडीला नेलं. पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ ला मिळाल्या. डहाणूला विनोद निकोले वडापाव विकायचे, ते २०१९ ला निवडून आले आणि २०२४ ला पुन्हा आले. आमच्या बैठकीत ही नावं नेहमी निघतात. त्यांच्यामागं मान्यताप्राप्त पक्ष होता, पक्षाचा ए-बी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारा कागद होता. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात.

हे दहा सूचक गोळा करणं म्हणजे पहिली निवडणूक. दहाही जण त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत आणि प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक अर्जात बरोबर भरायला हवा. इचलकरंजीत कामाला येणारे किती तरी जण राहायला यड्रावला, म्हणजे शिरोळ मतदारसंघात. कितीकांची नावं अजून कर्नाटकात गावाकडच्या यादीत. ज्यांचं नाव इथं आहे त्यांच्यातल्या कुणाला मालकाची भीती, कुणाला गल्लीतल्या पुढाऱ्याची. कोण कुणाचा सूचक आहे हे लपून राहत नाही. एका कारखान्यातल्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यानं, सही केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. "वैनी, माझं नाव काढा. पोरीचं लगीन ठरलंय, उचल घेतलीय मालकाकडनं." त्याला मी काही बोलले नाही. उचल घेतलेला माणूस काय करणार?

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी आधी सांगत नाही. सूचक सही करणारा असेल तर त्यानं घरी बसून सही केली तरी चालते. अंगठा उठवणारा असेल तर तो अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. म्हणजे जी बाई शाळेत गेली नाही, तिलाच अर्जासाठी दिवस मोडावा लागतो. आमच्या दहांत अशा आक्काही होत्या. म्हणून आम्ही अर्ज शुक्रवारी भरायचं ठरवलं. शुक्रवारी इचलकरंजीत बाजार, मागाला सुट्टी, खाडा पडत नाही. पहिल्या वेळचा तो शुक्रवार होता २६ सप्टेंबर २०१४. आदल्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या मोठ्या युत्या-आघाड्या तुटल्या होत्या. पितृपक्ष संपून घट बसलेले, त्यामुळं सगळ्यांना एकदम अर्ज भरायचे होते. कचेरीबाहेर गाड्यांची रांग, हलगी, फेटे. आम्ही पायी गेलो. आत उमेदवारासकट पाचच माणसं सोडतात, वेळ अकरा ते तीन. अंगठ्यावाल्या आक्कांना आत घ्या म्हणून दारावरच्या पोलिसाला नियमाचं पान दाखवावं लागलं. ते पान वकील साहेबांनी खूण घालून दिलं होतं. पुढं २०१९ ला शेवटची तारीखच शुक्रवारी, ४ ऑक्टोबरला आली, आणि २०२४ लाही मुदतीत एक शुक्रवार होता. अर्ज भरायचा आमचा वार ठरूनच गेलाय.

डिपॉझिटची रक्कम वर्गणीनं जमली. दहाच्या, वीसच्या नोटा, आणि चिल्लर आधीच दुकानात मोडून घेतलेली. चेक चालत नाही, रोख भरायची किंवा कोषागारात भरून चलन आणायचं. पैसे मोजणारा कारकून चांगला माणूस होता. एका नोटेला टाचणीचं भोक होतं, त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि घेतली.

आता शपथपत्र. नमुना २६. आमच्या वकील साहेबांनी फी घेतली नाही, नोटरीचे पैसे तेवढे द्यायला लावले. त्यांनी सगळ्यात आधी बजावलं की एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. रकाना कोरा राहिला तर अर्ज बाद होऊ शकतो, सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे. नसेल तिथं "निरंक" लिहायचं. शेतजमीन, निरंक. बिगरशेती जमीन, निरंक. वाणिज्य इमारत, निरंक. शेअर, निरंक. मोटार वाहन, निरंक. माझे, माझ्या नवऱ्याचे, अवलंबून असणाऱ्यांचे असे वेगवेगळे रकाने, आणि प्रत्येकात तेच.

मग दागिन्यांचा रकाना आला. "आक्का, सोनं किती?" साहेबांनी विचारलं. गळ्यातलं मंगळसूत्र. किती ग्रॅमचं ते मला माहीत नव्हतं, लग्नात सासूबाईंनी घातलेलं, वजन कोण विचारतं? कोपऱ्यावरच्या सोनाराकडं जाऊन ते काट्यावर ठेवलं. काळे मणी वगळून सोनं निघालं साडेतीन ग्रॅम. सोनारानं त्या दिवसाच्या भावानं चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली आणि ती शपथपत्रात गेली. जंगम मालमत्तेत सगळ्यात मोठा आकडा तोच. खाली देण्यांच्या रकान्यात बचत गटाचं कर्ज आणि आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज, दोन्ही मिळून सोन्याच्या वर. आमचे हे शेजारी बसले होते. रात्रपाळी करून तसेच आले होते. ते हळू म्हणाले, "हे सगळं लोकं वाचणार?" वाचतात. शपथपत्र कचेरीत लावतात, आता वेबसाइटवरही चढवतात. त्या क्षणी मला संकोच वाटला, आणि मग वाटलं की वाचू देत. या गावच्या कामगाराच्या घरात रात्रंदिवस खपून काय साठतं, ते सरकारी कागदावर एकदा तरी लिहिलं गेलं.

२०१९ ला शपथपत्राच्या पुढचं एक प्रकरण उभं राहिलं. २०१५ ला यंत्रमाग उद्योगाचं किमान वेतन सरकारनं कित्येक वर्षांनी सुधारलं होतं. ते लागू करा म्हणून सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यांतल्या कामगारांनी लांब संप केला. त्या दिवसांत आम्ही रस्त्यावर बसलो आणि आमच्यावर गुन्हे दाखल झाले. बेकायदा जमाव, रस्ता अडवणं, असली कलमं. खटला चालूच होता. आता सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर नियम आला की ज्याच्यावर खटला चालू आहे त्या उमेदवारानं तो मतदानाआधी तीनदा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर स्वतःच्या खर्चानं जाहीर करायचा. हा नियम चांगलाच आहे. खून-खंडणीवाल्यांची माहिती लोकांना कळलीच पाहिजे. पण मजुरीसाठी रस्त्यावर बसलेल्या बाईलाही तोच नमुना, तीच जाहिरात, तोच दर. आमच्या पत्रकांच्या छपाईपेक्षा त्या जाहिरातींना जास्त पैसे गेले. गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले उमेदवार, या मथळ्याखाली माझं नाव छापून आलं. माझी थोरली मुलगी तेव्हा अकरावीला होती. तिनं ते कात्रण कॉलेजात नेलं आणि मैत्रिणींना ते आंदोलन काय होतं, ते सांगितलं. मी तिला तसं काही सांगितलं नव्हतं.

छाननीला फार वेळ जात नाही. उमेदवार, त्याचा प्रतिनिधी, एक सूचक आणि लेखी नेमलेला आणखी एक, एवढेच आत. छाननीच्या आधी शपथ घ्यावी लागते, संविधानाशी निष्ठा राखण्याची, देशाची एकता सांभाळण्याची. ती मोठ्यानं वाचायची असते. मी सातवी शिकलेली. आदल्या रात्री मुलीकडून तीनदा वाचून घेतली आणि कचेरीत न अडखळता म्हटली. तेवढ्या वेळापुरती कचेरीतली सगळी माणसं उभी राहिली होती.

माघारीच्या दिवशी मात्र माणूस ओळखू येतो. दुपारी तीनपर्यंत अर्ज मागं घेता येतो. सकाळपासून फोन. पहिला फोन गोड होता: "ताई, तुमची मतं फुटून भलत्याचाच फायदा होतोय." दुसऱ्यानं नगरपालिकेला बघू म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं खर्चाचं काय ते बोला म्हटलं. कुणाचे फोन होते ते मी लिहीत नाही. मी दुपारी तीनपर्यंत कांडी मशीनवर होते आणि फोन डब्याच्या पिशवीत ठेवला होता. तीन वाजून गेल्यावर एकही फोन आला नाही.

नंतर चिन्ह. वारंवार उभ्या राहणाऱ्या अपक्षाची मोठी अडचण इथं आहे. पक्षाचं चिन्ह पिढ्यान् पिढ्या तेच राहतं. अपक्षाला मुक्त चिन्हांच्या यादीतून तीन पसंती द्यायच्या, दोघांनी एकच मागितलं तर चिठ्ठी टाकायची. २०१४ ला मला शिलाई मशीन मिळालं. बायकांच्या हातातली वस्तू, सांगायला सोपी. पाच वर्षं आम्ही शिलाई मशीनची आठवण करून देत फिरलो आणि २०१९ ला चिठ्ठीत ते दुसऱ्याला गेलं, मला कपबशी आली. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी कबनूरची एक मावशी भेटली, आनंदानं सांगत होती, "तुझ्या शिलाई मशीनवर मारलं बघ!" मी तिला फक्त हसून मान डोलावली. २०२४ ला पुन्हा तिसरंच चिन्ह. उमेदवाराचा फोटो मशीनवर असतो आता, त्याचा आम्हाला खरा आधार. पण नावांचा क्रम आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पक्ष, मग अपक्ष, आणि अपक्षांत अक्षरक्रम. मशीनच्या खालच्या टोकाला, 'नोटा'च्या म्हणजे 'यापैकी कुणी नाही' या बटणाच्या जरा वर, आम्ही.

प्रचाराला आमच्याकडं दोनच वेळा. पाळी सुटते ती आणि पाणी येतं ती. पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पंचगंगा प्रदूषित, कृष्णेच्या नळाला सतत गळती, वारणेच्या योजनेला दानोळीकरांचा विरोध, मग दूधगंगेवरची सुळकूड योजना निघाली तर तिला कागलच्या बाजूनं विरोध. त्या गावांचंही ऐकून घ्यायला पाहिजे असं मी प्रत्येक कोपरा सभेत बोलले, कारण शेतकरी आमच्यासारखाच भरडला जातोय आणि नदी घाण करणारं पाणी वरून येतं तसं आमच्या गावातूनही जातं. माणसं हे ऐकून घेतात. पण लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो आणि संध्याकाळची पाळी सुटून माणूस घरी पोचेपर्यंत साडेआठ. राहतो दीड तास. दिवसभर मोठ्यांच्या गाड्या फिरतात तेव्हा आमचे मतदार मागावर आणि आम्हीही. शेवटचे पंधरा दिवस तरी खाडे करावेच लागतात. ते दिवस कांडीवाल्या बायकांनी वाटून घेतले. माझ्या मशीनवर पाळीनं कुणी ना कुणी जास्तीचे दोन तास थांबायची, म्हणजे माझं काम पडून राहायचं नाही आणि मालकाला दुसरी बाई शोधायची पाळी यायची नाही. माझ्या निवडणुकीचा सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि त्याला खर्चाच्या रजिस्टरात रकाना नाही.

त्या रजिस्टरचं सांगते. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. एक वही देतात, पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. चहा, वडापाव, खुर्ची, रिक्षा, सगळ्याचे दर जिल्ह्यानं ठरवून दिलेले. घरचा चहा दिला तरी त्या दरानं लिहायचा. प्रत्येक पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या पाहिजे. प्रचाराच्या काळात तीनदा ही वही खर्च निरीक्षकांकडं तपासायला न्यायची, दुपारी, कचेरीच्या वेळेत. २०१४ आणि २०१९ ला खर्चाची मर्यादा २८ लाख होती, २०२४ ला ४० लाख. माझा सगळा खर्च तीस हजारांच्या आतबाहेर. तपासणीला माझ्या आधी बसलेल्या उमेदवाराबरोबर हिशेबनीस असायचा, माझ्याबरोबर मुलगी. पहिल्या वेळी निरीक्षकांनी पानं चाळून विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच, साहेब." त्यांनी सही केली. निकाल लागल्यावर तीस दिवसांत पुरा हिशेब जिल्ह्याला द्यायचा. तो दिला नाही तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. हरलेला गरीब उमेदवार इथंच सुटतो. निकालानंतर त्याच्यात दम उरत नाही, आणि मागं राहिलेल्या खाड्यांमुळं तो दुप्पट पाळ्या करत असतो. आमच्या बैठकीत जो कुणी उभं राहायचं म्हणतो त्याला मी आधी हे सांगते: निकालानंतरचा महिनाही निवडणुकीतच धर.

मतदानाच्या दिवसाबद्दल कायद्यात भरपगारी सुट्टी आहे. पीस रेटवरच्या माणसाला भरपगारी कसली? तरी बरेच कारखाने अर्धा दिवस बंद असतात. दोनशेहून जास्त मतदान केंद्रं, आणि माझ्याकडं बूथवर बसायला येतील अशी माणसं पहिल्या वेळी बोटांवर मोजण्याइतकी. पहाटे अभिरूप, म्हणजे चाचणीच्या मतदानाला हजर राहायचं, यंत्र शून्यावर आलेलं बघायचं, दिवसभर बसायचं, संध्याकाळी १७ सी, म्हणजे केंद्रावर एकूण किती मतं पडली त्याच्या नमुन्याची प्रत सही करून घ्यायची. जवाहरनगर, विक्रमनगर, कोरोची, तारदाळ, जिथं कांडीवाल्या बायका राहतात तिथंच आम्ही बसलो. मोठ्या उमेदवारांच्या बूथ एजंटांना डबे यायचे. आमच्या बायकांनी भाकरी बांधून आणल्या होत्या, आणि काही ठिकाणी समोरच्या पक्षाच्या पोरांनी स्वतः होऊन त्यांना चहा आणून दिला. हेही लिहायला पाहिजे.

निकालात पहिल्या वेळी हजारही मतं पडली नाहीत. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या सहाव्या भागापेक्षा जास्त मतं लागतात. आमच्याकडं दोन लाखांच्या आसपास मतदान होतं, म्हणजे तेहतीस हजारांच्या वर. तेवढी पडणार नाहीत हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण काही आठवड्यांनी वकील साहेबांनी नमुना २० काढून दिला, त्यात प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते असतं. तो कागद जमिनीवर पसरून आम्ही रात्री बसलो. ज्या गल्लीत आमची बाई बूथवर होती तिथं मतं होती. ज्या गल्लीत पत्रकं वाटली, सभाही झाली, पण बसायला माणूस नव्हता, तिथं दोन, एक, शून्य. २०१९ ला आम्ही पत्रकं कमी छापली आणि बूथवरची माणसं वाढवली. मतं दुपटीच्या वर गेली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला होता, नदीवेस-गावभागात पाणी शिरलं होतं. ज्यांची मतदान कार्डं, रेशन कार्डं भिजून गेली त्यांचे अर्ज भरून द्यायला आमच्याच बायका गेल्या होत्या. तिथल्या केंद्रांवरचे आकडे वेगळे दिसले.

त्याच २०१९ ला आमच्या मतदारसंघातून अपक्षच निवडून आले, प्रकाश आवाडे. माजी मंत्री, आणि त्यांच्या घराण्यानं साखर कारखाना, बँक उभी केलेली. लोक मला म्हणायचे, बघ, अपक्ष येतो की निवडून. येतो. त्या वर्षी राज्यात १३ अपक्ष आले. २०२४ ला ४,१३६ उमेदवारांत २,०८६ अपक्ष होते आणि आले दोन. या आकड्यांकडं डोळे उघडे ठेवून बघितलं पाहिजे. मी लोकांना कधी सांगितलं नाही की मी निवडून येणार आहे. मी सांगितलं की मजुरीचा, किमान वेतनाचा, यंत्रमाग कामगारांच्या कल्याणकारी मंडळाचा प्रश्न या निवडणुकीत कुणीतरी विचारणार आहे. माथाडींना १९६९ च्या कायद्यानं मंडळ मिळालं, बांधकाम कामगारांना मिळालं, मागावरच्यानं काय घोडं मारलंय? २०१४ ला हा प्रश्न सभेत एकट्या माझा होता. २०२४ ला मोठ्या उमेदवारांच्या पत्रकांतही कामगारांसाठी दोन-चार ओळी आल्या. आमच्यामुळंच आल्या असं मी म्हणणार नाही, संघटनांनी किती वर्षं मोर्चे काढलेत. पण मतांच्या यादीत तो प्रश्न आकडा होऊन उभा राहिला, त्याचाही त्यात वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

२०२४ अवघड गेलं. मतं २०१९ पेक्षा घटली. बायकांच्या खात्यावर लाडक्या बहिणीचे पंधराशे आले होते. एक बाजू एकवीसशे म्हणत होती, दुसरी तीन हजार. कांडीवालीला महिन्याला पंधराशे म्हणजे मोठी रक्कम आहे, त्या बायकांना मी बोल लावणार नाही. त्यांच्यापैकी कितीजणींनी मला दारातच सांगितलं, "या टायमाला नाही गं, पुढच्याला." दुसरं कारण जास्त खोल आहे. साधे माग भंगारात चाललेत. नव्या मागाला धोटा नाही, म्हणून कांडी नाही, म्हणून कांडीवाली नाही. २०१४ ला ज्या गल्लीत आमच्या बायका एका हाकेला जमायच्या, तिथल्या अर्ध्या आता धुणीभांडी करतात, काही गारमेंटमध्ये गेल्या, काही गावाकडं परत. त्यांच्या जागी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडची पोरं ऑटोलूमवर आहेत आणि त्यांची नावं इथल्या यादीत नाहीत. दिवाळीला ती गावाकडं जातात, आणि प्रचार नेमका दिवाळीनंतरचा होता.

डिसेंबरमध्ये खर्चाचा हिशेब वेळेत देऊन आले. त्यानंतर जानेवारीत मजुरीवाढीच्या बैठका सुरू झाल्या आणि त्या संपल्यावर आम्ही एक काम हातात घेतलं. ज्यांना इथं राहून वर्षं झाली पण नाव गावाकडंच आहे त्यांचे नमुना ८ भरून घ्यायचे, ज्यांचं कुठंच नाही त्यांचा नमुना ६. कामगाराकडं राहण्याचा पुरावा नसतो, भाडेपावती मालक देत नाही, वीज बिल घरमालकाच्या नावावर. तरी बँकेचं पासबुक, गॅसचं पुस्तक, आधारवरचा बदललेला पत्ता, काहीतरी निघतं. शुक्रवारी सकाळी आम्ही मलाबादे चौकाजवळ टेबल मांडून बसतो. येताना आधार, पासबुक आणि एक फोटो आणा. हिंदी बोलणारा एक पोरगा असतो आमच्यात, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा फॉर्म माझी मुलगी भरून देते.